लंबक हातात देण्याआधी : विज्ञानाच्या तासाला साहित्य वापरण्याचा क्रम

सहावीच्या एका वर्गात मागच्या बाकावर बसून मी लंबकाचा तास पाहत होतो. बाईंनी दोऱ्याला नट बांधून टेबलाच्या कडेला सोडला, दोरा आखूड केला, पुन्हा सोडला आणि फळ्यावर लिहिलं, ‘लांबी कमी केली की वेळ कमी लागतो. वजनाचा परिणाम होत नाही.’ मुलांनी उतरवून घेतलं. "समजलं?" "होऽऽ!" तास सुटल्यावर पुढच्या बाकावरच्या एका मुलीला मी विचारलं, "दोरा एवढाच ठेवला आणि एकाऐवजी तीन नट लावले तर गं?" ती लगेच म्हणाली, "जड झालं ना सर, मग हळू जाणार." तिच्या वहीत नेमकं याच्या उलट लिहिलेलं होतं, तिच्याच अक्षरात.

साहित्य होतं, प्रयोगही झाला होता. तरी त्या मुलीच्या डोक्यात आधीपासून असलेली समजूत जागची हलली नव्हती, कारण ती काय आहे हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. मी स्वतः बरीच वर्षं असाच शिकवत आलो, म्हणून ही चूक कुठे होते ते मला नीट माहीत आहे. ती साहित्यात नसते, क्रमात असते. उत्तर आधी, प्रयोग नंतर, आणि मुलांचा विचार कधीच नाही, असा तो क्रम असतो.

खाली सहावी ते आठवीच्या वर्गासाठी पूर्ण क्रम दिला आहे. साधारण ४० मुलं आणि दोन तासिका धरल्या आहेत. जोडतास मिळाला तर उत्तम. उदाहरण लंबकाचं घेतलं आहे, कारण त्याला लागणारं सगळं गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात आणि घरात मिळतं. पुढे एका टप्प्यात मेणबत्तीचा प्रयोग येतो, त्याला तिसरी तासिका लागेल.

## १. आधी प्रश्न ठरवा, साहित्य नंतर

बहुतेक वेळा आपण उलटं करतो. विज्ञान पेटी आली आहे, कपाटात मॉडेल पडून आहे, तर मग काढा आज. त्याऐवजी टाचण लिहिताना पहिल्या ओळीत हे लिहा : या घटकाबद्दल मुलं काय चुकीचं धरून बसलेली असतात? लंबकाच्या बाबतीत दोन समजुती हमखास सापडतात. जड वस्तू हळू झुलते ही एक, आणि जास्त लांबून सोडलं तर परत यायला खूप जास्त वेळ लागतो ही दुसरी. विजेच्या घटकात ‘बल्ब पेटायला एक वायर पुरते’ आणि चुंबकात ‘आकाराने मोठा तो जास्त ताकदवान’ या तशाच.

मग प्रश्न असा घ्या की त्याचं उत्तर मुलांना वर्गातच मोजून काढता येईल आणि त्यावर त्यांचं एकमत होणार नाही. "लंबक म्हणजे काय?" हा प्रश्न इथे कामाचा नाही, कारण त्याचं उत्तर पुस्तकातून वाचता येतं. आपला प्रश्न हा : लंबकाला एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ कशाकशाने बदलतो?

तपासून पाहा : आदल्या दिवशी परिपाठानंतर व्हरांड्यात पाच-सहा मुलांना हा प्रश्न सहज विचारा. सगळ्यांचं उत्तर एकच आणि बरोबर आलं, तर त्या वर्गासाठी हा प्रश्न संपलेला आहे, दुसरा शोधा. उत्तरं वेगवेगळी आली तर तास रंगणार.

## २. साहित्य जमवा आणि आदल्या दिवशी स्वतः करून पाहा

चार जणांचा एक गट धरला तर दहा गट होतात. एका गटाला लागेल ते असं :

- एकाच मापाचे तीन लोखंडी नट
- साधारण एक मीटर जाड शिवणाचा किंवा नायलॉनचा दोरा
- कपडे वाळत घालायचा एक चिमटा आणि तो बाकाला पक्का करायला चिकटपट्टी
- एक मोठी पेपरक्लिप, एस आकारात वाकवलेली
- पट्टी आणि सेकंद दाखवणारं घड्याळ

घड्याळं कमी असतील तर एका मोबाइलवरचं स्टॉपवॉच लावून तुम्ही मोठ्याने "सुरू" आणि सेकंद म्हणत राहा. सगळ्या गटांनी एकाच वेळी लंबक सोडला की काम होतं.

आता यातल्या प्रत्येक वस्तूत एक फसगत दडलेली आहे, आणि प्रयोग बिघडतो तो इथेच.

दोरा. सुतळी घेऊ नका. ती पिळ सोडते, नट गरगर फिरायला लागतो आणि झोका सरळ जात नाही. लोकर ताणली जाते, म्हणजे नट वाढवले की लांबीही गुपचूप वाढते.

टांगण्याची जागा. बरेच जण दोरा पेन्सिलीला गुंडाळून ती बाकाच्या कडेवर ठेवतात. झुलताना दोरा पेन्सिलीवर थोडा उलगडतो, थोडा गुंडाळतो, त्यामुळे लांबी एका जागी ठरत नाही. चिमट्याच्या जबड्यात दोरा धरला की तो नेमका एकाच ठिकाणी वाकतो. लांबी बदलायची झाली तर चिमटा दाबायचा, दोरा ओढायचा, सोडायचा.

लांबीचं माप. चिमट्याच्या जबड्यापासून नटाच्या मध्यापर्यंत मोजायचं, गाठीपर्यंत नाही.

नट लावण्याची रीत. हे सगळ्यांत महत्त्वाचं, म्हणून जरा थांबून सांगतो. ‘वजन वाढवा’ म्हटलं की मुलं पहिल्या नटाखाली दुसरा बांधतात आणि त्याच्याखाली तिसरा, माळेसारखे. असं केलं की वजनाबरोबर लंबकाची लांबीही वाढते, कारण तीन नटांचा मिळून मध्य खाली सरकतो. एकदा जाऊन परत येणं म्हणजे एक हेलकावा. २५ सें.मी. लंबकाला २० हेलकाव्यांसाठी जवळजवळ २० सेकंद लागतात. तीन-तीन सें.मी. अंतरावर माळ बांधली तर मध्य २८ सें.मी.वर जातो आणि तेवढ्याच हेलकाव्यांना २१ सेकंदांहून जास्त लागतात. मुलं प्रामाणिकपणे मोजतात आणि प्रामाणिकपणे चुकीच्या निष्कर्षावर येतात, की वजन वाढलं म्हणून वेळ वाढला.

माझ्या वर्गात हे घडलं होतं. दहापैकी सहा गटांचे आकडे ‘वजनाने वेळ वाढतो’ असं सांगत होते. मी गोंधळलो आणि "तुमचं मोजायला चुकलंय, पुस्तकात दिलंय तेच बरोबर" असं म्हणून विषय मिटवला. मुलांनी मोजलं बरोबरच होतं. घरी जाऊन रात्री स्वतः दोरा बांधला तेव्हा माळेची गोष्ट माझ्या लक्षात आली. त्या दिवशी त्या मुलांना मी एकच गोष्ट शिकवली होती : स्वतः मोजलेल्यापेक्षा सरांचं खरं. ती मला आजही बोचते.

म्हणून पेपरक्लिपचा आकडा (हुक) करा आणि तिन्ही नट त्याच आकड्यात एकावर एक अडकवा, म्हणजे मध्य फारसा हलत नाही. निदान तुम्हाला ही गोष्ट आधी माहीत हवी. ती मुलांना आधी सांगायची का, ते सहाव्या टप्प्यात.

तपासून पाहा : घरी हे तीन आकडे काढून बघा. २५ सें.मी.ला २० हेलकावे साधारण २० सेकंदांत, ५० सें.मी.ला २८ सेकंदांच्या थोडं वर, आणि १०० सें.मी.ला ४० सेकंद. तुमचे आकडे अर्ध्या सेकंदाच्या आत जुळले तर साहित्य तयार आहे. १०० सें.मी.चा लंबक बाकावरून टांगता येणार नाही, तो दाराच्या चौकटीला किंवा खिडकीच्या वरच्या गजाला बांधा.

## ३. गट पाडा आणि कामं वाटून द्या

गटात चार, फार तर पाच जण. सहावा मुलगा नुसता बघत बसतो. कामं चारच : लंबक सोडणारा, हेलकावे मोजणारा, वेळ पाहणारा, लिहिणारा. ही नावं फळ्यावर लिहा आणि प्रत्येक नव्या मोजणीला कामं पुढे सरकवा.

हे सरकवणं टाळू नका. न सांगता सोडलं तर बहुतेक गटांत मुलगे साहित्य हाताळतात आणि मुली वहीत लिहितात, कारण ‘तिचं अक्षर छान आहे’. ज्याच्या हाताला नट लागला नाही, त्याच्या डोक्यात प्रश्नही कमी येतात.

साहित्य अजून वाटायचं नाही. ते तुमच्या टेबलावर ट्रेमध्येच राहू द्या. एकदा नट हातात पडले की पुढची पाच मिनिटं तुमचं कुणी ऐकणार नाही, आणि त्यात मुलांची काही चूक नाही.

## ४. अंदाज लिहून घ्या, कारणासकट

सगळा तास या टप्प्यावर उभा आहे. नेमका हाच ‘वेळ नाही’ म्हणून गाळला जातो. याला आठ-दहा मिनिटं द्याच.

सर्वांना दिसेल असा एक लंबक हातात धरून एकदा झुलवा आणि थांबवा. पुन्हा झुलवू नका. मग विचारा, "हा एकदा गेला आणि परत आला, एवढ्याला जो वेळ लागला तो कमी-जास्त करायचा असेल तर काय काय बदलून बघता येईल?" मुलं सांगतात ते सगळं फळ्यावर घ्या. वजन, दोऱ्याची लांबी, किती लांबून सोडला, किती जोरात ढकलला, दोऱ्याचा रंगसुद्धा. रंगाला हसू देऊ नका, तोही फळ्यावर लिहा. तपासल्याशिवाय तो खोडायचा नाही.

मग प्रत्येकाने स्वतःच्या वहीत, शेजारच्याशी न बोलता, तीन ओळी लिहायच्या :

१. तीन नट लावले तर वेळ वाढेल, कमी होईल की तोच राहील?
२. दोरा दुप्पट केला तर?
३. असं मला का वाटतं?

तिसरी ओळ कोरी सोडू देऊ नका. ‘असंच वाटतं’ हेही चालेल, पण ते लिहिलेलं हवं. पेनाने लिहायला सांगा, म्हणजे नंतर खोडरबर फिरत नाही. लिहून झाल्यावर हात वर करायला लावून आकडे फळ्याच्या कोपऱ्यात मांडा : ‘वाढेल २३, कमी ६, तोच ११’ असे. हा कोपरा तास संपेपर्यंत पुसायचा नाही.

सावध : या वेळी तुमचा चेहरा बोलतो. बरोबर अंदाज आला की आपण नकळत मान डोलावतो, "अजून कुणी?" असं म्हणताना आवाज बदलतो. मुलं ते लगेच टिपतात आणि मग वहीतला अंदाज त्यांचा राहत नाही. प्रत्येक उत्तराला एकाच सुरात "बरं, का वाटतं?" एवढंच म्हणा.

दुसरी चूक म्हणजे हुशार मुलांनाच विचारणं. वर्गातला जो मुलगा घरी शेतात, गॅरेजमध्ये किंवा शिवणयंत्रावर हात चालवतो, त्याच्याकडे कारण बहुधा जास्त चांगलं असतं. ते बोलायला त्याला थोडा वेळ लागतो, एवढंच.

## ५. मोजा, आणि मोजताना होणाऱ्या तीन चुका आधीच पकडा

आता साहित्य वाटा. पंखा बंद करा. पहिली मोजणी सगळ्यांची सारखी ठेवा : २५ सें.मी., एक नट, २० हेलकावे, तीन वेळा.

एकच हेलकावा का मोजायचा नाही, हे मुलांनाच विचारा. घड्याळ दाबायला हात थोडा उशीर करतोच. तो उशीर एका हेलकाव्यात फार मोठा ठरतो, वीस हेलकाव्यांत वाटला गेला की फारसा जाणवत नाही. तीन मोजण्यांपैकी मधला आकडा घ्या. सरासरी काढली तरी चालेल, पण एक मोजणी साफ बिघडली असेल तर ती सरासरीलाही ओढून नेते.

या तीन चुका दरवर्षी, दर वर्गात होतात :

‘एक’पासून सुरुवात. लंबक सोडताना मुलं "एक" म्हणतात. तिथे ‘शून्य’ म्हणायचं, परत आल्यावर ‘एक’. नाहीतर वीस म्हणेपर्यंत एकोणीसच हेलकावे होतात आणि २० ऐवजी १९ सेकंद येतात.

अर्धा हेलकावा पूर्ण धरणं. जाणं एक आणि येणं दोन असं मोजलं की वेळ थेट निम्म्यावर येतो. एखाद्या गटाचा आकडा १० सेकंद आला तर कारण हेच.

ढकलणं. लंबक सोडायचा असतो, ढकलायचा नाही. दोरा ताणलेला ठेवून नट बाजूला घ्यायचा आणि बोटं उघडायची. २५ सें.मी. लंबकाला बाजूला १० सें.मी.पेक्षा जास्त ओढू देऊ नका. तेवढ्यात कमी-जास्त ओढल्याचा फरक घड्याळात कळत नाही. पार आडवा होईपर्यंत ओढला तर मात्र वेळ खरंच वाढतो, त्यामुळे ‘किती लांबून सोडलं याचा काहीच परिणाम नाही’ असं सरसकट वाक्य मुलांना देऊ नका.

तपासून पाहा : सगळ्या गटांचे पहिले आकडे १९.५ ते २०.५ सेकंदांच्या दरम्यान आले का? आल्याशिवाय पुढे जाऊ नका. ज्यांचे आले नाहीत त्यांना ‘चुकलं’ म्हणू नका. त्यांच्या शेजारच्या गटाला त्यांची मोजणी पाहायला पाठवा. बहुतेक वेळा चूक मुलांनाच सापडते, आणि सापडल्याचा त्यांना आनंद होतो.

यानंतर निम्मे गट वजन बदलतील, निम्मे लांबी. एखाद्या उत्साही गटाने दोन्ही एकदम बदललं तर थांबवू नका, करू द्या. नंतर त्यांना विचारा, "तुमचा वेळ वाढला, तो कशामुळे? वजनामुळे की लांबीमुळे?" त्यांना सांगता येत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं जसंच्या तसं ठेवायचं, हा नियम त्या क्षणी त्यांचा होतो. आधीच फळ्यावर लिहून दिला तर तो फक्त फळ्याचा राहतो.

## ६. सगळे आकडे फळ्यावर, न जुळणारेही

पहिली तासिका इथपर्यंत. दुसऱ्या तासिकेला फळ्यावर मोठा तक्ता काढा : गट क्रमांक, लांबी, नट किती, नट कसे लावले, २० हेलकाव्यांना लागलेला वेळ. प्रत्येक गटाचा एक जण येऊन आपला आकडा लिहील.

इथे शिक्षकाचा हात हमखास चुकतो. दहातले आठ आकडे जुळले की उरलेले दोन आपण पुसतो किंवा ‘हे सोडा’ म्हणतो. खरं तर विचार करण्यासारखं त्या दोन आकड्यांतच असतं. त्यांना खडूने गोल करा आणि वर्गाला विचारा, "हा आकडा वेगळा का आला असेल? मोजणीत चूक आहे की लंबकच वेगळा आहे? आपण कसं ठरवू?"

नटांच्या माळेची गोष्ट आता कामाला येते. माझं मत असं, की सातवी-आठवीला मुलांना नट कसेही लावू द्यावेत. काही गट पेपरक्लिपच्या हुकात लावतात, काही माळ करतात, आणि तक्त्यात तीन नटांचे दोन वेगळे वेळ समोर येतात : २० आणि २१ च्या वर. मग दोन्ही लंबक शेजारी शेजारी टांगा आणि नुसतं बघायला सांगा. "सर, हा खाली लोंबतोय!" असं कुणीतरी म्हणतंच. तो क्षण येईपर्यंत थांबायचं. दोन मिनिटं वर्गात शांतता राहिली तरी चालेल. सहावीसाठी मात्र पहिल्या वेळी हुकाचीच रीत द्या, नाहीतर एकदम फार गुंते होतात.

लांबीच्या आकड्यांतही एक गंमत आहे. २५ सें.मी.ला २० सेकंद आले, म्हणून ५० ला ४० येतील असं मुलं धरून चालतात. आले २८. ४० सेकंद हवे असतील तर दोरा किती? अंदाज पुन्हा लिहून घ्या आणि मग दाराच्या चौकटीला टांगलेला १०० सें.मी.चा लंबक सगळ्या वर्गाने मिळून मोजा. वेळ दुप्पट करायला लांबी चौपट लागली. वर्गमुळाचं सूत्र आठवीनंतर येईल तेव्हा येईल, हा आकडा मुलांच्या लक्षात राहतो.

## ७. चर्चा : तुम्ही काय बोलायचं आणि काय गिळायचं

मुलांना मत बदलायला जागा लागते. म्हणून ‘कोण बरोबर, कोण चूक’ असं विचारू नका. चौथ्या टप्प्यातला फळ्याचा कोपरा दाखवा आणि म्हणा, "ज्यांचं मत बदललं त्यांनी हात वर करा. कुठला आकडा पाहून बदललं?" मत बदलणाऱ्याला उभं करून बोलायला लावा. वर्गात हा मानाचा प्रसंग आहे असं वाटलं पाहिजे.

माझे नेहमीचे प्रश्न चारच आहेत, आणि ते टाचणाच्या मागच्या पानावर लिहून ठेवतो :

- हे तू पाहिलंस की तुला वाटलं?
- याच आकड्यांवरून दुसरं काही म्हणता येईल का?
- तुझं म्हणणं खोटं ठरवायचं असेल तर काय करून बघावं लागेल?
- बाकी सगळं तेच ठेवलं होतं का?

पहिला प्रश्न सर्वांत कठीण. ‘वजन जास्त असल्याने लंबक जोरात गेला’ या वाक्यात काय दिसलं आणि काय डोक्यातून आलं, हे वेगळं करायला मुलांना तीन-चार महिने लागतात. घाई करू नका. प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. आपल्याला ती शांतता सहन होत नाही म्हणून आपणच उत्तर देऊन टाकतो.

सावध : चिकित्सक विचार म्हणजे सगळ्यांवर अविश्वास असं मुलांना वाटू देऊ नका. "मला नाही पटत" म्हणणाऱ्याला लगेच विचारा, "मग काय दाखवलं म्हणजे पटेल?" याचं उत्तर देता आलं नाही तर तो नुसता हट्ट आहे, आणि तसं प्रेमाने सांगावं.

## ८. पुढची पायरी : स्पष्टीकरणच तपासायला लावा

लंबकात मुलं आकडे तपासायला शिकली. कारणं तपासायला मेणबत्तीइतकं चांगलं साहित्य मला दुसरं सापडलेलं नाही, कारण तिचं चुकीचं कारण पिढ्यानपिढ्या वर्गात सांगितलं जातं.

थाळीत मेणबत्ती उभी करा, शाईने रंगवलेलं पाणी ओता, मेणबत्ती पेटवा आणि वरून काचेचा ग्लास उपडा ठेवा. ग्लासच्या कडेखाली दोन नाणी ठेवा, म्हणजे पाण्याला आत यायला वाट राहते. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. कारण काय सांगतात? ‘ऑक्सिजन जळून संपला, तो हवेत एकपंचमांश असतो, म्हणून पाणी तेवढंच चढलं.’ ऐकायला अगदी नेटकं.

हे कारण फळ्यावर लिहा आणि मुलांना म्हणा, "हे खरं असेल तर आणखी काय काय दिसायला हवं?" दोन गोष्टी मुलांकडून काढून घ्या. एक, मेणबत्ती जळत असताना पाणी हळूहळू चढत राहायला हवं. दोन, त्याच ग्लासात एकाऐवजी तीन मेणबत्त्या ठेवल्या तरी पाणी तेवढंच चढायला हवं, कारण आतली हवा तेवढीच आहे. अंदाज लिहून घ्या, मग प्रयोग.

पाणी मुख्यतः चढतं ते ज्योत विझल्यानंतर, एकदम. तीन मेणबत्त्यांना ते जास्त चढतं. नीट पाहणाऱ्या एखाद्या मुलाला ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर पडलेलेही दिसतात. त्याला सर्वांना दाखवायला सांगा. ज्योतीने हवा तापली, फुगली, काही बाहेर गेली. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवून आकसली आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकललं. ऑक्सिजन वापरला जातो हे खरंच आहे, पण मेणबत्ती विझते तेव्हा आतला सगळा ऑक्सिजन संपलेला नसतो, आणि वापरलेल्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ तयार होते.

हे तुम्ही सांगण्याआधी तिसरी चाचणी करा, तिच्यात ज्योतच नाही. रिकामी काचेची बाटली उपडी करून तिचं तोंड पाण्यात बुडवा आणि बाटलीभोवती गरम पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं गुंडाळा. बुडबुडे निघतात. फडकं काढून दोन-तीन मिनिटं थांबा, पाणी बाटलीच्या गळ्यात चढतं. इथे काहीच जळलं नाही. मग ऑक्सिजनचं काय, हे मुलंच विचारतात.

सावध : काडी फक्त शिक्षकाने ओढायची. ओढण्या आणि मोकळ्या वेण्या मागे बांधायच्या, पंखा बंद, शेजारी पाण्याची बादली. ग्लास जाड काचेचा घ्या आणि लगेच हात लावू देऊ नका. गरम फडकंही शिक्षकानेच गुंडाळायचं. आणि मेणबत्त्यांची उंची सारखी ठेवा, नाहीतर ‘बाकी सगळं तेच ठेवलं होतं का?’ हा प्रश्न मुलं तुम्हालाच विचारतील. विचारला तर मात्र त्या दिवसाचं टाचण सोन्याचं झालं असं समजा.

## ९. वही आणि मूल्यमापन

उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष या नेहमीच्या मांडणीत अंदाजाला जागाच नाही. ती मांडणी राहू द्या, पण दोन ओळी वाढवा : साहित्याच्या आधी ‘मला काय वाटलं होतं आणि का’, आणि शेवटी ‘आता काय वाटतं, कशामुळे’. अंदाज चुकला म्हणून गुण कापायचे नाहीत. एकदा कापले की पुढच्या वेळी सगळी मुलं निष्कर्ष लिहून झाल्यावर अंदाज लिहितील.

चाचणीत ‘लंबकाच्या दोलनकालावर परिणाम करणारे घटक लिहा’ (म्हणजे एका हेलकाव्याच्या वेळेवर) हा प्रश्न विचारला तर पाठांतर परत मिळतं. त्याऐवजी असा द्या : ‘एका मुलाने २५ सें.मी. दोरा आणि एक नट घेऊन २० हेलकावे मोजले, २० सेकंद लागले. एका मुलीने ५० सें.मी. दोरा आणि तीन नट घेतले, तिला २८ सेकंद लागले. ती म्हणते, वजनामुळे वेळ वाढला. तिचं म्हणणं या आकड्यांवरून सिद्ध होतं का? तिने पुढचा प्रयोग कोणता करावा?’ दुसऱ्या भागाला जास्त गुण ठेवा.

घरी करायला एकच काम द्या, झोक्याचं. झाडाला किंवा घरात मजबूत टांगलेल्या झोक्यावर बसून दहा हेलकाव्यांना किती वेळ लागतो ते मोजायचं, मग त्याच झोक्यावर उभं राहून. कुणीतरी मोठं माणूस शेजारी हवं आणि झोका हळूच घ्यायचा. नेहमीप्रमाणे अंदाज आधी लिहायचा. माणूस तोच, दोर तेवढाच, तरी उभं राहिल्यावर वेळ थोडा कमी लागतो, कारण शरीराच्या भाराचा मध्य वर सरकतो आणि लंबक आखूड होतो. नटांच्या माळेत झालं होतं त्याच्या बरोबर उलट. हे कारण तुमच्याजवळच ठेवा. सोमवारी मुलांचे आकडे फळ्यावर येऊ द्या, आणि माळेची आठवण कोण काढतं ते पाहा.